अजून पाव आटा

शेलूत आमच्या इमारतीत पावाटे आडनावाचं कुणी राहत नाही. तरी कुरिअरवाल्यानं खाली उभं राहून "पावाटे कितव्या मजल्यावर?" असं विचारलं, की पंपाजवळचा वॉचमन, शिकवणीला निघालेली पोरं आणि भाजीवाली अशी सगळी एकदम दुसऱ्या मजल्याकडे बोट करतात. एका वर्षी गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवरही मंडळाच्या पोरांनी 'श्री. पावाटे' लिहिलं. काकांनी पावती घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "'टे'ची मात्रा जरा डावीकडे गेलीय." नाव चुकलंय हे त्यांच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि ती चूक त्यांच्या मापात बसली, देव जाणे.

हे नाव पडलं त्या पंपापाशीच. व्हॉल्व्ह ठिबकत होता. प्लंबर आला, पाना लावला, ठिबकणं थांबलं. पैसे खिशात घालून तो निघणार, इतक्यात काका जिन्यावरून खाली आले, व्हॉल्व्हला कान लावून अर्धा मिनिट उभे राहिले आणि म्हणाले, "अजून पाव आटा दे."

"थांबलंय की काका."

"थांबलंय. पण मनापासून नाही थांबलेलं."

प्लंबरनं पाव आटा दिला. व्हॉल्व्हमधून कारंजं उडालं. त्या दिवशी तिन्ही मजले दुपारपर्यंत कोरडे होते. शेवटी पाणी थांबलं ते काकांनी स्वतःच्या हातानं दिलेल्या पाव आट्यानं, असं काका सांगतात. प्लंबर वेगळं सांगतो. पण तो आता वांगणीच्या पुढं येतच नाही, त्यामुळे इतिहास काकांच्याच बाजूनं लिहिला गेलाय.

काका माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात ३४ वर्षं फिटर होते. फिटर माणसाला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसतात, बसलेल्या आणि न बसलेल्या. निवृत्तीनंतर वर्कशॉप सुटलं, पण नजर सुटली नाही. संध्याकाळी ते स्टेशनात जाऊन बाकावर बसतात. कर्जत लोकल फलाटाला लागताना डोळे मिटतात आणि बाजूच्या माणसाला सांगतात, "चौथ्या डब्याच्या चाकाला फ्लॅट पडलाय. ऐका, टक् टक् टक्." बाजूचा माणूस डोंबिवलीपासून उभा राहून आलेला असतो. त्याला चाकाचं दुःख कळत नाही.

त्यांचं माप मिलिमीटरमध्ये नाही, सुतात आहे. एका इंचाचे आठ सूत. हे माप आता सुतार, गवंडी आणि काका यांच्यापाशीच उरलंय. काकूंची भाकरी एक सूत जाड झाली तर ते काही बोलत नाहीत, नुसतं भाकरीकडे कडेनं बघतात. धाकटीला बघायला मुलगा आला तेव्हा तो गेल्यावर काकांनी मत दिलं, "मुलगा चांगला आहे. उजवा खांदा अर्धा सूत उतरलाय, पण ते नोकरीच्या बॅगेनं असेल." लग्न झालं. जावयानं पुढं पाठीवरची सॅक घेतली ती त्यामुळेच, असं माझं आपलं अनुमान.

अवजारांच्या कपाटाच्या आतल्या पत्र्यावर प्रत्येक पान्याची, कानशीची, पकडीची बाह्यरेषा रंगानं काढलेली आहे, म्हणजे कुठली वस्तू गेली ते लगेच कळावं. माझ्याकडे त्यांचा दहा-अकराचा पाना आठवडाभर राहिला होता तेव्हा ती रिकामी आकृती ते मला दोनदा वर बोलावून दाखवून गेले. 'पाना दे' असं म्हणाले नाहीत. पोलीस पंचनाम्यात खडूनं माणसाची आकृती काढतात ना, तसं वाटलं मला. मी पाना परत केला.

अशा घरात एकच वस्तू वाकडी आहे, ती म्हणजे गॅलरीतला काकूंचा झोपाळा. माहेरहून आलेली सागवानी फळी, पितळी कड्या, आणि स्लॅबमधून खाली आलेले दोन आयबोल्ट. उजवं अंग दोन सूत खाली. घर घेतलं तेव्हा गवंड्यानं बोल्ट तसे सोडले आणि काका नट फिरवायला शिडीवर चढले तेव्हा काकूंनी एकदाच सांगितलं, "याला हात लावायचा नाही. मला असाच बरा वाटतो." तेव्हापासून काका गॅलरीत बसले तर झोपाळ्याकडे पाठ करून बसतात.

आता सायकल.

काकांचा भाचा डोंबिवलीला असतो, आयटीत. एका एप्रिलमध्ये रविवारी तो लोकलच्या मालडब्यातून, कोथिंबिरीच्या जुड्या आणि दुधाचे रिकामे कॅन यांच्यामधून, एक काळी सायकल घेऊन शेलूला उतरला. त्याला ट्रायथलॉन करायचं होतं. गोव्यात २०१९ साली पहिल्यांदा अर्ध्या आयर्नमॅनची शर्यत झाली, तेव्हापासून हे खूळ आपल्याकडे चांगलंच पसरलंय. आधी समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर पळायचं. काकूंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मध्ये केस पुसतात का?"

काकांचं लक्ष सायकलकडे होतं. हँडल बैलाच्या शिंगांसारखं पुढं वळलेलं, शिंगांच्या टोकाला ब्रेक. आणि मधून दोन नळ्या सरळ पुढं निघालेल्या. त्यांच्या मुळाशी कोपरं टेकायला दोन गाद्या. स्वारानं या गाद्यांवर कोपरं ठेवून नळ्या धरायच्या आणि अंग सपाट करायचं. भाच्यानं करून दाखवलं. सुसर काठावर पहुडते तसा तो दिसत होता.

"ही शिंगांना शिंगं कशाला?"

भाच्यानं मग ग्रेग लेमाँडची गोष्ट सांगितली. साल १९८९, टूर द फ्रान्स. तीन आठवडे, तीन हजारांहून जास्त किलोमीटर झालेले, आणि शेवटच्या दिवशी व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची एकेकट्यानं घड्याळाशी धावायची फेरी. लेमाँड ५० सेकंदांनी मागं. त्यानं हँडलला असे दांडे लावले होते, जे एका स्कीच्या प्रशिक्षकाला, बून लेननला, उतारावरून अंग मुडपून घसरणारे खेळाडू बघून सुचले होते. पुढं असलेला लोराँ फिन्यों साध्या हँडलवर, उघड्या डोक्यानं, मागं केसांची शेपटी उडवत आला. लेमाँड अख्खी शर्यत ८ सेकंदांनी जिंकला. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो, आणि त्या रेट्यातला मोठा वाटा सायकलचा नसून वर बसलेल्या माणसाच्या छातीचा असतो. म्हणून माणूसच आडवा करायचा.

काका बराच वेळ गप्प होते. "आठ सेकंद," ते म्हणाले. "आमच्याकडं आठ मिनिटं उशीर झाला तरी गाडी वेळेवर आली म्हणायचे." पण त्यांचा आवाज बदलला होता. आयुष्यभर ज्या पाव आट्यासाठी लोक हसले, त्या पाव आट्याला कुठंतरी फ्रान्समध्ये किंमत आहे, हे त्यांना वयाच्या ६३व्या वर्षी कळत होतं.

अडचण साधी होती. सायकलच्या आधीच्या मालकानं गिअरचे दोन्ही लीव्हर मधल्या तिरक्या नळीवर ठेवले होते, जुन्या रेसिंग सायकलींसारखे. म्हणजे सुसर झालेल्या माणसाला गिअर बदलायचा तर एक हात सोडून गुडघ्याजवळ न्यायचा. भाच्यानं म्हणून नळ्यांच्या टोकाला बसणारे शिफ्टर आणले होते. उजवा मागच्या चकत्यांसाठी, डावा पुढच्या. अंगठा हलवला की काम.

"अर्ध्या तासाचं काम आहे मामा," तो म्हणाला.

काकूंनी आतून कपाळावर हात मारल्याचा आवाज मी ऐकला. भाचा संध्याकाळच्या गाडीनं गेला. सायकल राहिली. अकरा रविवार राहिली.

सायकल ठेवायची कुठं? स्टँड नव्हता, आणि मागचं चाक अधांतरी फिरल्याशिवाय गिअर लावता येत नाहीत. काका गॅलरीत गेले. झोपाळा निघाला, फळी भिंतीला टेकली आणि आयबोल्टांना दोऱ्या बांधून सायकल टांगली, एकीत सीट, दुसरीत हँडल. काकू प्लास्टिकच्या खुर्चीवर आल्या. "दोन दिवसांचा प्रश्न आहे," काका म्हणाले.

माझी नेमणूक टॉर्च धरण्यावर झाली. पहिल्या रविवारी टॉर्चची गरज पडली नाही, कारण काकांनी सायकलला हातच लावला नाही. फक्त मापं घेतली. ओळंबा सोडला, व्हर्निअर लावला, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढलं. नळीचा बाहेरचा व्यास २२.२ मिलिमीटर निघाला आणि काका उठून उभे राहिले. "सात सूत! बरोब्बर सात सूत!" मग मागच्या दोन चकत्यांमधलं अंतर मोजलं. शेजारच्या दोन दातेरी चकत्या, दहा गिअरचा संच, अंतर चार मिलिमीटरला जरासं कमी. काकांनी बोटांवर हिशेब केला. "सव्वा सूत. जपान्यानं वर मिलिमीटर लिहिलेत, पण मनात सूतच होतं." हा शोध त्यांनी त्या आठवड्यात स्टेशनातल्या बाकावर निदान सहा जणांना सांगितला.

दुसरे दोन रविवार नळ्या कापण्यात गेले. शिफ्टरचा बुडखा नळीत जातो, पण बाकी लीव्हर बाहेर राहतो, म्हणजे हात तेवढा पुढं ढकलला जातो. म्हणून नळी तेवढी आखूड करायची. भाच्याला डोंबिवलीहून बोलावून टांगत्या सायकलवर पालथं झोपवलं. मी सीट धरली, काकूंनी भाच्याचे पाय. काका कोपरापासून अंगठ्यापर्यंतचं अंतर नऊ वेळा मोजून म्हणाले, "श्वास सोड. श्वास घेतला की अर्धा सूत फरक पडतो." कापायची खूण केली, भोवती चिकटपट्टी गुंडाळली म्हणजे पातं घसरायला नको, आणि करवतीचं पातं टेकवून पुन्हा उचललं. "कापलेलं वाढत नाही," ते म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले. त्या दिवशी एवढंच.

कापल्यावर मात्र त्यांचा हात बघण्यासारखा होता. गोल कानस नळीच्या तोंडात घालून ते आतली धार मारत होते, बोट फिरवून बघत होते, पुन्हा कानस. ॲल्युमिनियमची चंदेरी भुकटी पोटऱ्यांवरच्या केसांत बसत होती. "आत धार राहिली तर वायर रोज थोडी थोडी सोलते, आणि तुटते कुठं माहितीय? घरी नाही तुटत. ८९व्या किलोमीटरला तुटते." कानस मारताना ते जिभेचं टोक बाहेर काढतात, शाळेतलं पोर काढतं तसं. हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नसावं.

चौथ्या रविवारी मला बढती मिळाली आणि मी पक्कड धरू लागलो. त्याच दिवशी तो प्रसंग घडला.

शिफ्टरचा बुडखा नळीत घातला की आतला बोल्ट एलनकीनं पिळायचा; पिळला की बुडखा फुगतो आणि नळीला आतून घट्ट धरतो. काकांनी पिळला. शिफ्टर फिरला. अजून पाव आटा. शिफ्टर जास्तच फिरला. अर्धा आटा. शिफ्टर बाहेर येऊन त्यांच्या हातात पडला. ३४ वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांनी बोल्ट काढला, चष्म्याच्या अगदी जवळ नेला, फिरवला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, जत्रेत हरवलेला भाऊ दिसावा तसा.

"उलटा आटा आहे!"

म्हणजे जगातल्या बाकी बोल्टांसारखा उजवीकडे पिळून आवळत नाही. हा डावीकडे फिरवला की आवळतो. सायकलच्या डाव्या पायडलला असा आटा असतो, तो कुठल्याही सायकलवाल्याला ठाऊक असतो. पण तो इथं, या इवल्याशा भोकात, कुणी न सांगता घातलेला! काकांना राग यायला हवा होता. उलट त्यांनी काकूंना हाक मारून बोल्ट दाखवला. काकूंनी तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही इतका वेळ घट्ट करताय म्हणून सैल करत होतात."

"हो."

"बरं," असं म्हणून काकू आत गेल्या. या दोन अक्षरांत किती वर्षांचा संसार होता, ते मी टॉर्च बंद करून ऐकलं.

पुढचं प्रकरण वायरचं. गिअरची बाहेरची नळी, म्हणजे आउटर, काकांनी जवळच्याच एका दुकानातून आणली. त्या दुकानदाराचं तत्त्वज्ञान एका शब्दात मावतं: 'चालतंय.' काका आणि तो यांच्यात जे आहे त्याला मी तरी धर्मयुद्धच म्हणेन. त्याच्या हातून रोज पन्नास सायकली चालत्या होतात. चाकाची आऊट काढताना तो रिमकडे बघतही नाही, शेजाऱ्याशी बोलत स्पोक आवळतो आणि चाक सरळ होतं. काकांना ते असह्य होतं. बिघडलं असतं तरी त्यांनी क्षमा केली असती; न बघता बरोबर होणं हा मात्र त्यांच्या मते कामाचा अपमान आहे.

तर ते आउटर बसवलं आणि गिअर काही केल्या बसेना. पाचवा टाकला की साखळी पाचव्या-सहाव्याच्या मध्ये खरखरत राही, सासर-माहेरच्या मध्ये अडकलेल्या सुनेसारखी. काकांनी तीन रविवार साखळी सरकवणाऱ्या डिरेलरवरची बारीक नळकांडी पाव पाव आटा फिरवली. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी दाढीचं पातं घेऊन आउटरचा तुकडा उभा चिरला आणि वर्तमानपत्रावर उलगडून ठेवला. आतली तार स्प्रिंगसारखी गोल गोल गुंडाळलेली होती. "हे ब्रेकचं आउटर आहे," ते म्हणाले. "ब्रेकला जोर लागतो म्हणून तार वेटोळ्याची. पण ताण आला की वेटोळं दबतं, लांबी बदलते. गिअरच्या आउटरला तारा उभ्या असतात, लांबीला लांबी, दबत नाहीत. इथं सव्वा सुताचा कारभार आहे आणि ही नळीच श्वास घेतेय!" तो तुकडा त्यांनी कागदात बांधून दुकानात नेला. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाला? काका म्हणाले, "चालतंय म्हणाला."

बरोबर आउटर दादरहून आलं. कापल्यावर त्याचं तोंड चेपलं, ते काकूंच्या दाभणानं उघडलं. काकांनी सगळं इतकं नेटकं, इतकं आखूड बसवलं की एक इंच वायर फुकट दिसत नव्हती, आणि म्हणूनच हँडल डावीकडे वळवलं की ताण येऊन गिअर आपोआप बदलायचा. "मोटरमननं हॉर्न दिला आणि डब्यातले पंखे बंद पडले, त्यातली गत," काका म्हणाले आणि पुन्हा दादरला गेले. भाच्यानं फोनवर सुचवलं, की आता बॅटरीवरचे गिअर मिळतात, बटण दाबलं की झालं, वायरच नाही. काकांनी थोडा विचार केला. "मग बिघडलं तर हात कुठल्या आट्याला घालायचा?" भाच्याकडे उत्तर नव्हतं.

मला वाटतं, भाच्यापेक्षा काकांनाच गिअर कळले होते. एकदा गॅलरीतून माथेरानच्या डोंगराकडे बघत ते म्हणाले, "कर्जतला मेलगाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. का, तर पुढं बोरघाटात ३७ फुटाला एक फूट चढ. याच्या सायकलला मागून ढकलायला कोण आहे? म्हणून या चकत्या. हे याचे बँकर." तरुणपणी ते खोपोलीला जाऊन मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायचे. घाटात सगळ्यात पुढं राहील तो 'घाटाचा राजा'. राजा कोण झाला ते काकांना आठवत नाही. त्याच्या सायकलची साखळी मोठ्या चकतीवर चढताना अजिबात वाजली नाही, हे आठवतं. नाशिकच्या महाजन बंधूंनी, त्या दोघा डॉक्टरांनी, २०१५ साली 'रेस ॲक्रॉस अमेरिका' जोडीनं पुरी केली तेव्हाचं कात्रण कपाटाच्या दाराला चिकटवलेलं आहे. जवळजवळ ४,८०० किलोमीटर. काका त्याकडे बघून म्हणतात, "किती वेळा गिअर टाकला असेल, विचार कर." असा विचार महाजन बंधूंनीही केला नसेल.

अकरावा रविवार आषाढात आला. सकाळी काकांनी मला वर बोलावलं. चाक फिरत होतं. काकांनी उजवा लीव्हर एका बोटानं हलवला. टक्. साखळी एका चकतीवरून दुसरीवर गेली, जशी मांजर एका कठड्यावरून दुसऱ्यावर जाते. टक्. टक्. दहाही. वर आणि खाली. काका काही बोलले नाहीत. मीच विचारलं, "अजून पाव आटा?" त्यांनी डिरेलरकडे बघितलं, हात पुढं केला आणि मागं घेतला. त्यांना असं करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"ट्रायल," ते म्हणाले. "ट्रायलशिवाय डबा शेडबाहेर जात नाही."

खरं तर ट्रायल भाच्यानं घ्यायची. पण काकांनी खाकी हाफपँट चढवली, डोक्याला भाच्याचं हेल्मेट बांधलं, ते एक सूत डावीकडे सरकवलं आणि कर्जत-कल्याण रस्त्याला लागले. मी स्कूटरवर मागं. रविवारी पहाटे त्या रस्त्यानं ठाण्या-मुलुंडाचे रंगीबेरंगी सायकलवाले जातात. त्यांतल्या दोघांनी काकांना बघून अंगठा वर केला. काकांनी अंगठा वर केला नाही, कारण अंगठा लीव्हरवर होता. दामतच्या बाजूला रस्ता मोकळा मिळाला तसे ते कोपरं टेकून पसरले. ६३ वर्षांची सुसर. पाऊस नुकता उघडला होता, दोन्ही बाजूंना लावणी चालली होती, आणि मागून मला फक्त त्यांची पांढरी पोटरी आणि लीव्हरचा टक् टक् आवाज, एवढंच येत होतं. मला खात्री आहे, ते हसत होते.

समोरून म्हशी आल्या.

आता इथं त्या सायकलची रचना पुन्हा सांगायला हवी. ब्रेक बाहेरच्या शिंगांवर. हात आतल्या नळ्यांवर. ज्या माणसानं अकरा रविवार त्या नळ्यांच्या टोकाला काय असावं याचाच विचार केला, त्याच्या बोटांना संकटकाळी तेच सापडलं. काकांनी गिअर टाकला. म्हशी तशाच. काकांनी दुसरा टाकला. मी ओरडलो, "काका, ब्रेक!" तिसरा. चौथा. म्हशींनी मान वळवून बघितलं आणि काका त्यांच्या डावीकडून, बांधावरून, थेट चिखलात लावणी चाललेल्या खाचरात शिरले.

बायका आवणाच्या जुड्या हातात धरून उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "बाबा, लावनीला आलाव काय?"

मी स्कूटर टाकून धावलो. काका गुडघाभर चिखलात बसले होते, हेल्मेटमधून पाणी गळत होतं. सायकल बाजूला आडवी, मागचं चाक अजून फिरत होतं. मी विचारलं, लागलं का? काकांनी बोट वर केलं, थांब म्हणून. चाक थांबेपर्यंत ते कान लावून ऐकत राहिले.

"सात टाकले," ते म्हणाले. "सातही कडक बसले."

भाचा पुढच्या शनिवारी आला, सायकल घेऊन गेला. तिच्यावर त्यानं काय केलं, कुठं धावला, हे काकांनी मला कधी सांगितलं नाही आणि बहुधा विचारलंही नाही. एक मात्र झालं. सायकल गेल्यावर त्याच दुपारी काकांनी झोपाळा परत लावला. सागवानी फळी पुसली, पितळी कड्या चिंचेनं घासल्या. काकू आल्या, प्लास्टिकच्या खुर्चीला पायानं बाजूला सारून झोपाळ्यावर बसल्या, एक झोका घेतला आणि लगेच उठल्या.

"हा माझा नाही."

काका कपाटाकडे बघत होते.

"सायकल लेव्हलला टांगावी लागते," ते हळूच म्हणाले. "नाहीतर डिरेलर खरं बोलत नाही. म्हणून उजवा बोल्ट दोन सूत वर घेतला होता. आता छान सरळ आहे की."

काकू काही बोलल्या नाहीत. आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला नाही, आणि काकांच्या घरात भांड्यांचा आवाज न येणं हे आवाज येण्यापेक्षा वाईट.

रविवारी सकाळी मला पुन्हा बोलावणं आलं. टॉर्च घेऊन. काका शिडीवर होते, हातात पाना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एक सरळ वस्तू मापात वाकडी करायची होती, आणि ते काम त्यांना येत नव्हतं. पंचाईत अशी, की वाकडं बरोबर झालं की नाही, हे सांगणारं अवजार कपाटात नव्हतं. ते होतं काकूंकडे. दोन सूत खाली घेतलं, व्हर्निअर लावला, बरोबर. काकू बसल्या, झोका घेतला, मान हलवली. नाही. अर्धा सूत. नाही. दुपारचे बारा वाजले. खालून कुकरच्या शिट्या यायला लागल्या. काकांनी घाम पुसला, नट जरासा फिरवला आणि शिडीवरूनच, लहान मुलासारखं, खाली बघितलं.

काकूंनी डोळे मिटले. एक पाय जमिनीवर टेकवून सावकाश झोका घेतला. कडी कुरकुरली.

"अजून," त्या म्हणाल्या. "पण थोडंच."